पान उलटल्याचा आवाज

कडुनिंबाला मोहोर आला की माझ्या टेबलावरचा फोन बोलका होतो. एरवी दिवसभरात दोनदा वाजला तर वाजला. पण एकदा ऊन तापायला लागलं, परीक्षांचं वेळापत्रक लागलं, की सकाळी कुलूप काढायच्या आत त्याची रिंग दाराबाहेर ऐकू येते. "मॅडम, लेखनिक मिळंल का?" पलीकडून कुणी ना कुणी विचारत असतं. ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात लिहू देत नाही, अशा विद्यार्थ्यानं उत्तर तोंडानं सांगायचं आणि त्याच्या शेजारी बसून जो ते उत्तरपत्रिकेत लिहितो, तो लेखनिक. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकासाच्या कार्यालयात मी कंत्राटावर काम करते आणि परीक्षेच्या हंगामात असे लेखनिक शोधून देणं हे माझ्याकडं असतं.

हे काम वधूसंशोधनाच्या फार जवळचं आहे. नियम असा, की लेखनिक हा परीक्षार्थ्यापेक्षा खालच्या वर्गातला हवा आणि त्याचा विषय वेगळा हवा. म्हणून मी शहरातल्या कॉलेजांतून पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं हेरत फिरते. अक्षर कसं आहे, वेग कसा आहे, स्वभाव शांत आहे का, ऐन पेपरच्या दिवशी घरात कुणाचं लग्न तर नाही ना, अशा सगळ्या चौकशा करते. एका मुलाच्या आईनं तर फोनवर मला विचारलं होतं, "तुम्ही नेमक्या कोणत्या पाहुण्यांकडच्या?"

लोकांना परीक्षेचा महिना म्हटलं की पोटात गोळा येतो. मला मात्र तो दिवाळीसारखा वाटतो. मागच्या डोंगरावरून येणारा वारा दुपारपर्यंत गरम होतो, पण सकाळी त्याला कडुनिंबाच्या फुलांचा कडसर गोड वास असतो. झाडाखालच्या कट्ट्यांवर ती पांढरी बारीक फुलं इतकी सांडलेली असतात की बसायच्या आधी हातानं झटकावं लागतं. मोर भलत्या वेळी ओरडतात. कॅन्टीनमध्ये पोह्यांच्या ताटलीशेजारी कुणाची तरी उघडी वही असते आणि तिच्यावर तेलाचा गोल डाग पडलेला असतो. हे सगळं दिसलं की मला शाहीन आपा आठवते.

तीन-चार वर्षं झाली असतील. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पडेगावला मामाकडं राहायची आणि बसनं शहरात कॉलेजला यायची. एके दिवशी प्रॅक्टिकल संपताना आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी माझी जर्नल वर धरली आणि म्हणाल्या, "मनीषा, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. एक काम करशील?" मी हो म्हणून टाकलं. मोठ्या माणसांनी काही विचारलं की मी आधी हो म्हणते आणि काय विचारलं ते नंतर ऐकते, ही माझी जुनी खोड. काम होतं इतिहासात एम.ए. करणाऱ्या एका मुलीचा राहिलेला पेपर लिहिण्याचं. एक गोष्ट मॅडमना माहीत नव्हती. माझं अक्षर मोत्यासारखं असलं तरी ते मोती मोहरीएवढे असायचे. जर्नलच्या रकान्यात सगळं बसवायच्या सवयीनं ते तसं झालं होतं आणि मी घाबरले की ते आणखी बारीक व्हायचं.

शाहीन मला पहिल्यांदा भेटली ती विद्यापीठातल्या इतिहास विभागामागच्या कडुनिंबाखाली. तिचे अब्बू तिला शहागंजातून स्कूटरवर आणून सोडायचे. शहागंजात त्यांचं बांगड्यांचं दुकान. त्यांनी स्कूटर लावली, तिचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बेटा, संभाळून घ्या. जबान जरा तेज आहे पोरीची."

"अब्बू!" ती ओरडली. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "तू घाबरलेली हायस ना? हात गार पडलाय तुझा. इतक्या उन्हात!"

जन्मापासून तिला दिसत नव्हतं. माझ्यापेक्षा ती चारेक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आपा म्हणायला लागले. पहिल्याच दिवशी तिनं सगळं स्वच्छ सांगून टाकलं. मागच्या वर्षी याच पेपरात ती नापास झाली होती. "उत्तर मला सगळं येत होतं," ती म्हणाली. "पण जो पोरगा लिहायला होता ना, त्याला लई घाई. मी चार वाक्यं बोलायची, आन् त्याचा पेन एका वाक्यातच थांबायचा. मला ऐकू येत होतं की. मी म्हटलं, भैय्या, पुरं लिही. तो म्हणाला, मतलब आलाय की त्यात. आता रिचेकिंगला टाकून काय मिळणार? जे लिहिलंच नाय ते कोण तपासणार?"

मग म्हणाली, "या खेपेला निघाला तर निघाला. नाय तर बस्स. घरी बसायचं, दुकानात बांगड्यांचे जोड लावायचे. अब्बू काय बोलत नाय, पण मीच ठरवलंय."

हे तिनं अगदी सहज सांगितलं. मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. इतक्या भक्तिभावानं वाचायला लागले की स्वल्पविरामाच्या जागी "स्वल्पविराम" असंही म्हणत होते. दोन परिच्छेद तिनं सहन केलं. मग म्हणाली, "अगं ऐ, स्वल्पविराम नक्को वाचू. तिथं नुसता श्वास घे. कळतंय मला."

तो महिना असा गेला. मी वाचायचे, ती मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायची आणि घरी जाऊन तेच दीडपट वेगानं ऐकायची. एकदा तिनं मला माझाच आवाज त्या वेगात ऐकवला. दख्खनच्या सुलतानांची अख्खी वंशावळ मी एखाद्या चिडलेल्या पोपटासारखी बडबडून गेले होते. आम्ही दोघी कट्ट्यावर वाकून वाकून हसलो आणि विभागातले एक सर खिडकीतून डोकावून "अभ्यास चाललाय ना?" असं विचारून गेले.

त्या वर्षी रोजे याच दिवसांत आले होते. आपा रोजे धरायची. समोर बसून तासन् तास मोठ्यानं वाचताना माझ्या घशाला कोरड पडायची, पण तिच्यासमोर पाणी प्यायची मला लाज वाटायची. म्हणून मी बाटलीचं झाकण अगदी हळू, एकेक आटा मोजत फिरवायचे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मनीषा, बाटली इतक्या हळू तर चोर पण नाय उघडत. पी ना गं बिनधास्त. रोजा माझा हाय." मी बाटली पुरती उघडली आणि घटाघटा प्यायले. या बाईपासून काहीही लपून राहत नाही हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. पण मी जरा मठ्ठच.

लिहिण्याचा सराव सुरू झाला तेव्हा तिनं एक पद्धत घालून दिली. उत्तर किती लांब झालं हे ज्याला दिसतं तो नुसता एक नजर टाकून ठरवतो. तिनं काय करायचं? म्हणून ती पान उलटल्याचा आवाज मोजायची. तीन पानं उलटली की एक प्रश्न पुरा, पुढच्या प्रश्नाला हात घालायचा. पान उलटलं की ती एक बोट मिटायची. सरावाला आम्ही माझ्या मामेभावाची मोठ्या रेघांची वही वापरायचो आणि झाडाखाली निवांत बसून मीही ऐसपैस लिहायचे. तिची बोटं आणि माझी पानं यांचा मेळ छान बसला. तीन बोटं मिटली की ती म्हणायची, "चल, पुढं." घड्याळ पाहायची गरजच पडायची नाही.

ईद झाली. आपाच्या अम्मीनं माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा पाठवला. मामी म्हणाली, "एवढ्या खारका कुणी घालतं व्हय!" आणि बोलता बोलता अर्धा डबा तिनंच संपवला. त्यानंतर चौथ्या दिवशी पेपर होता.

आम्हाला मागच्या इमारतीत तळमजल्यावर वेगळी खोली दिली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, पर्यवेक्षक बाई आणि एक कूलर. तो कूलर असा खडखडायचा की जणू आत कुणी खडे भरून ठेवलेत. पर्यवेक्षक बाई कडक होत्या. त्यांनी मला समोर उभं करून सांगितलं, "प्रश्न वाचायचा आणि ती सांगेल ते लिहायचं. त्यापलीकडं स्वतःच्या मनाचा एक शब्द बोललीस, तर मी कॉपीची केस करीन. तुझीही आणि तिचीही." माझं अक्षर तिथंच मोहरीचं खसखस झालं.

पहिला प्रश्न मध्ययुगीन दख्खनमधल्या नगरांच्या पाणीव्यवस्थेवर होता. मी तो वाचला आणि आपाचा चेहरा उजळला. हा तिचा घरचा प्रश्न होता. आमच्या या शहराला जुन्या काळी नहरीचं पाणी यायचं. डोंगरातून निघालेलं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून वस्तीपर्यंत आणायचे आणि वाटेत ठिकठिकाणी विटांचे उंच बंबे उभे करून त्याला दम घ्यायला, वर चढायला जागा करून द्यायचे. लहानपणी आपा अशाच एका बंब्याला कान लावून उभी राहायची. इतर पोरं आत दगड टाकून बघायची आणि ही ऐकत राहायची. कडुनिंबाखाली तिनं मला हे सांगितलं होतं, तेव्हा विज्ञानाची विद्यार्थिनी असूनही मी तोंड उघडं टाकून ऐकत होते.

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. नळांची घडण, त्यांचा उतार, बंब्यांची उंची, हवेचा दाब, पाणी वाटून घेण्याची पद्धत, कोणत्या पेठेला आधी आणि कोणत्या पेठेला नंतर. पुस्तकातलं तर होतंच, पण त्याच्या पलीकडचंही होतं आणि तेही एका ओळीत बसेल असं नीटस. ती श्वास घ्यायला थांबली तरी माझा पेन थांबत नव्हता, कारण मी एक वाक्य मागं असायचे. खोलीत कूलर, तिचा आवाज आणि पेन, एवढंच होतं. मला वाटलं, हा पेपर जगातला सर्वांत सुंदर पेपर आहे.

मग लांबवर मुख्य इमारतीतली घंटा वाजली. एक तास झाला होता.

मी उत्तरपत्रिकेकडं पाहिलं. घाबरून घाबरून मी इतकं बारीक लिहिलं होतं की एवढं सगळं सांगून झालं तरी पान एकदाच उलटलं होतं. आपाच्या डाव्या हाताचं एकच बोट मिटलेलं होतं. तिच्या हिशोबानं तिचं उत्तर आत्ता कुठं सुरू झालं होतं. अजून चार प्रश्न बाकी होते. तिला जादा वेळ होता, पण तो धरूनही एका प्रश्नाला पाऊण तासाच्या वर देणं परवडणार नव्हतं. घंटा तिला कूलरच्या खडखडाटात ऐकू गेली नसणार, असं मी समजले. ती आता बंब्यांच्या डागडुजीवर आली होती.

मी काय करायचं? "आपा, पुरे," एवढे दोनच शब्द. पण ते माझ्या मनाचे शब्द झाले असते. बाई समोरच बसल्या होत्या, चष्म्यातून माझ्याकडंच बघत. आपानं नुसतं विचारलं असतं, "वेळ किती झाला?", तर बाईंनी सांगितलं असतं. पण ती विचारत नव्हती. मी खोकून बघितलं. बाईंनी भुवई वर केली. मी खोकला गिळला. त्या मिनिटाला मला शहागंजातलं ते बांगड्यांचं दुकान दिसत होतं, आणि त्यात जोड लावत बसलेली ही. मागच्या पोरानं कमी लिहून तिचं नुकसान केलं आणि मी सगळं लिहून करणार होते.

तेव्हा हाताला काय सुचलं कुणास ठाऊक. मी अक्षर मोठं केलं. आधी जरासं, मग बालवाडीतल्या पोरासारखं. एका ओळीत तीन शब्द, कधी दोन. पान भराभर संपायला लागलं. आणि पान उलटताना मी ते असं उलटलं की बाई खुर्चीतून दचकल्या. आपाचं दुसरं बोट मिटलं. पुन्हा तीन-तीन शब्दांच्या ओळी, पुन्हा पान. तिसरं बोट.

"चल," आपा म्हणाली, "पुढचा प्रश्न वाच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुढचा प्रश्न मी अर्धा रडत वाचला. बाई उठून आल्या, माझ्या खांद्यावरून उत्तरपत्रिका पाहिली. आधी मुंग्यांची रांग आणि त्यापुढं हत्तींचा कळप. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आपाच्या मिटलेल्या तीन बोटांकडं पाहिलं आणि जागेवर जाऊन बसल्या. नंतर पुरवण्या आणून देताना मात्र त्या प्रत्येक वेळी आधीच उठून उभ्या असायच्या. शेवटचं वाक्य पुरं झालं आणि शेवटची घंटा वाजली. आपानं दोन्ही हात वर करून आळस दिला. माझी मधली दोन बोटं सुजली होती.

निकाल लागला तेव्हा मोबाईलवर तो मीच तिला वाचून दाखवला. "परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचला. "आता दीडपट वेगानं वाच." मी वाचला. पास तर ती झालीच होती, पण त्या पेपरात वर्गातल्या डोळस पोरांना मागं टाकून झाली होती. त्या दिवशी अब्बूंनी मला घरी बोलावून नान-खलिया इतका वाढला की पडेगावच्या बसमध्ये चढताना मामीसाठी दिलेला डबाही मला जड वाटत होता. तिच्या अम्मीनं माझ्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. पेपरच्या दिवशी सुजलेल्या त्या बोटांवरून सरकवताना त्या म्हणाल्या, "या हातांना जरा आराम द्या बेटा."

आता आपा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. तिच्या वर्गात पोरं मागच्या बाकावर गुपचूप मोबाईल चाळूच शकत नाहीत, ती नावानिशी पकडते. आणि दर उन्हाळ्यात, लेखनिकांची यादी पक्की झाली की मी तिला बोलावते. नव्या पोरांना कडुनिंबाखाली बसवून ती तासभर शिकवते. कसं वाचायचं, कुठं श्वास घ्यायचा, परीक्षार्थी बोलायचा थांबला तर घाई कशी करायची नाही. तिचं झालं की मी माझी मोठ्या अक्षरांची गोष्ट सांगते. दर वर्षी सांगते. खरं सांगायचं तर, मला ती सांगायला फार आवडते. आयुष्यात मी एवढी एकच हुशारी केलेली आहे.

यंदाही कट्ट्यावर फुलं सांडली होती. यंदाही एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, समजा त्यांचा टाइम वाया चाललाय आणि आपल्याला तर बोलता येत नाय. मग काय करायचं?"

माझ्या मनासारखा प्रश्न आला होता. मी पदर खोचल्यासारखी सरसावून बसले आणि सगळी गोष्ट सांगितली. खडखडणारा कूलर, कडक बाई, आपाला ऐकू न गेलेली घंटा, मुंग्या आणि हत्ती. पोरं हसली. आपाही हसली, पण तिचं हसू थांबेना.

"दर साली हेच सांगते ही," ती पोरांना म्हणाली. "आज जरा माझी बाजू पण ऐका. घंटा मला ऐकू नाय आली, असं ही म्हणते. मला? बाटलीचं झाकण ऐकू येतं मला, आन् घंटा नाय?"

मी वळून तिच्याकडं पाहिलं.

"ऐकली होती मी," ती म्हणाली. "आन् पेन बारीक चालतोय ते पण पहिल्याच पानावर कळलं होतं. मोठं अक्षर असलं की हात लवकर लवकर ओळ बदलतो. हिचा हात बदलतच नव्हता."

"मग थांबली का नाहीस?" मला राहवलं नाही. "एक तास झाला होता, आपा! माझा जीव चालला होता!"

तिनं कट्ट्यावरची फुलं चाचपली, मूठभर गोळा केली आणि ओंजळीत धरून त्यांचा वास घेतला.

"थांबावंसंच नाय वाटलं गं," ती म्हणाली. "मी बोलायची थांबले ना, तरी तुझा पेन चालूच असायचा. माझं मागचं वाक्य पुरं करत. मी जेवढं बोलले तेवढं, एक लफ्ज न सोडता. जिंदगीत पहिल्यांदा कुणीतरी माझं सगळं लिहून घेत होतं. मला वाटलं, फेल झाले तर झाले. पण नहर पुरी होऊ दे."

इतकी वर्षं मी समजत होते की तिचा पेपर मी वाचवला. आणि ती तर तेव्हाच तो पणाला लावून बसली होती, केवळ माझा पेन थांबत नव्हता म्हणून.

"मग पुढं कशी गेलीस?" मी कसंबसं विचारलं.

"तू ते पान असं उलटलंस ना," ती म्हणाली, "की मी म्हटलं, ही पोरगी आता रडती. चला, हिच्यासाठी तरी पास व्हावं लागंल."

पोरं खो खो हसायला लागली. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. प्रश्न विचारणारी ती मुलगी वहीत भराभर काहीतरी लिहून घेत होती. हातात हजेरीचं रजिस्टर होतं आणि पुढची नावं वाचायची होती. मला बोलता येईना, म्हणून मी नुसतं पान उलटलं, चांगलं जोरात.

आपानं माझ्याकडं तोंड वळवलं आणि एक बोट मिटलं.

"एक," ती म्हणाली.